न सांगितलेला दोष

आमच्या कारंज्याकडे बैल विकत घेणारा माणूस आधी बैलाचे तोंड उघडतो आणि मग विकणाऱ्याचे. दात मोजले की वय कळते. दोनदाती, चारदाती, सहादाती आणि सगळे दात आलेला तो जुळलेला, हा हिशेब शाळेचे तोंड न पाहिलेल्यालाही येतो. मग खांद्यावर हात फिरतो, खूर उचलून पाहिले जातात, दहा पावले चालवून लंगड शोधली जाते. एवढे झाले की गिऱ्हाईक हेड्याकडे वळून विचारते, "याची काही खोड?" वाचकहो, माझ्या अल्पमतीप्रमाणे निम्म्या नीतिशास्त्राची सुरुवात या प्रश्नापाशी होते. बैलाचे दात खोटे बोलत नाहीत. पण खोड दातांत दिसत नाही. ती जुन्या मालकालाच ठाऊक असते.

बैलांचा बाजार सोडून मला मोटारीच्या बाजारात शिरावे लागले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. संत्र्याच्या व्यापारात त्याने चार पैसे मिळवले आणि त्या पैशांनी त्याच्या डोक्यात एक खूळ भरवले. त्याला जुनी शर्यतीच्या थाटाची गाडी हवी होती : दोन आसनांची, उघड्या टपाची. घरात माणसे पाच, गाडीत जागा दोन! पण खुळाला त्रैराशिक येत नाही. शिवाय आमच्या मुलखाला वेगाचे वेड नवे नाही. वर्धा जिल्ह्याच्या या भागातली गवळाऊ जात चपळ चालीसाठीच नावाजलेली, आणि शंकरपटात जोडी पळवण्यासाठी वडिलोपार्जित शेतीकडे दुर्लक्ष करणारे शौकीन विदर्भात पूर्वीही होते. कित्येक वर्षे बंद पडलेल्या शर्यतींचा मार्ग २०२१ च्या डिसेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मोकळा केला, तेव्हा कित्येक घरांत जणू दुसरी दिवाळी झाली. मोटारीतही आपल्याकडे असा शौक पुरवण्याचे प्रयत्न झाले. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनी गाडी तयार होत असे; तिची काया काचतंतूंची आणि इंजिन रेनो कंपनीचे, ११४९ घनसेंटिमीटरचे. अशा गाड्या थोड्या निघाल्या, म्हणूनच त्या आज शौकिनांना गोड वाटतात. ज्या वस्तूचा सुटा भाग सहजासहजी मिळत नाही तिच्यावरच माणसाचे प्रेम जडावे, हा मनुष्यस्वभावाचा जुना विनोद आहे.

नागपूरला गाडी पाहायला निघताना तो मला म्हणाला, "सर, गाडीतलं तुम्हाले समजत नाही हे मले माहीत आहे, पण मानसातलं समजते, म्हणून चला." गाडीतले समजणारा एक वयस्क मिस्त्री बरोबर होताच. त्याचे काम मी विद्यार्थ्यासारखे पाहिले. ते इथे सांगतो, कारण कोणा वाचकाच्या घरातही असे खूळ वाढत असेल.

मिस्त्रीने प्रथम बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिन थंड आहे ना, याची ती खात्री होती. गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी तापवून ठेवली तर सकाळी सुरू होताना ती किती कुरकुरते ते झाकले जाते. सुरू केल्यावर त्याने धूर पाहिला : निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खाते, काळा म्हणजे पेट्रोल अर्धवट जळते, आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर थंडाव्याचे पाणी नको तिथे शिरते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखी साय दिसली तर हाच रोग बळावला म्हणून समजावे. मग त्याने टायर पाहिले. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे झालेले असू शकते. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर चाकांची ठेवण तरी बिघडली आहे किंवा सांगाडा तरी वाकला आहे. किलोमीटरचा आकडा कमी आणि पायाखालच्या पेडलचे रबर मात्र गुळगुळीत, तर आकड्यापेक्षा रबरावर विश्वास ठेवावा. पत्र्याच्या गाडीवर लोहचुंबक फिरवावा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली असते. काचतंतूंच्या गाडीवर चुंबकाचा उपयोग नाही. तिथे रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा शोधाव्या लागतात. काया गंजत नाही, पण खालचा लोखंडी सांगाडा गंजतो, म्हणून अंथरी उचलून पाहावी.

शेवटी कागद. नोंदणी पुस्तकातला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर जाऊन वाचावा. बँकेचा बोजा उतरला आहे की नाही ते पाहावे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. हस्तांतराची नोंद तर दोघांच्याही हिताची. कारण ती होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने नोंदवहीतलाच माणूस मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे.

एवढे पाहून झाल्यावर मिस्त्रीचे बोट गाडीच्या नाकाशी थांबले. रंगात जाळे होते. माझ्या विद्यार्थ्याने विचारले, "गाडी कुठं ठोकली होती का?" मालक शांतपणे म्हणाले, "माझ्या हातून नाही."

हे चार अक्षरांपलीकडचे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. त्यात असत्य एकही अक्षर नव्हते. त्यांच्या हातून ठोकली नव्हती. त्यांच्या आधीच्या मालकाच्या हातून ठोकली होती आणि ते त्यांना ठाऊक होते, हे पुढे कळले. प्रश्न पडतो तो असा : खरे बोलून फसवलेला माणूस फसवला जातो की नाही?

आपला कायदा याबाबत मोठा मौजेचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमाखाली उदाहरणे दिली आहेत. एक गृहस्थ लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. लगेच दुसरे उदाहरण : घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र सांगणे हे त्याचे कर्तव्य. आणि तिसरे : घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यातही सामान्यतः आपला माल पारखून घेणे हे गिऱ्हाइकाचेच काम मानले आहे.

हा वाद इंग्रजांनी आणला असे मात्र नाही. रोमच्या सिसरोने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांवरच्या आपल्या ग्रंथात तो मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन पोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याने पाहिले आहे. हे लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? बाबिलोनचा डायोजिनीस (पिंपात राहणारा तो निराळा) म्हणतो, न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. कायदा सांगायला लावील तेवढे दोष सांगावेत, बाकी आपला माल आपण विकावा. त्याचा शिष्य आंतिपातर म्हणतो, माणसाचे हित ते तुझे हित, सांगितलेच पाहिजे. सिसरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. गुरूवर शिष्याने अशी मात केलेली पाहिली की मास्तरकी करणाऱ्या माझ्यासारख्याला बरेच वाटते.

कोणी म्हणेल, ही झाली साधुसंतांची भाषा; बाजार तिच्यावर चालत नाही. पण बाजाराचाच अभ्यास करणाऱ्या जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन निराळे दाखवून दिले. दोष विकणाऱ्यालाच ठाऊक असतात, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो आणि मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून जातो. उरतो तो खराब माल. भाव आणखी पडतो, आणखी चांगला माल निघून जातो. या विचाराला २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे एकाच्या मौनाची किंमत दुसरा प्रामाणिक माणूस मोजत असतो, आणि त्या दोघांची कधी भेटही होत नाही.

खेड्याच्या बाजारात मौनाला एक लगाम असतो. खोडकर बैल गळ्यात मारला तर घेणारा पुढच्या बाजारी समोर येऊन उभा राहतो, त्याची सोयरीक आपल्या गावात निघते. पण आमच्या गावावरून नागपूर-अमरावतीचा महामार्ग जातो. त्या रस्त्याने गेलेला माणूस पुन्हा दिसत नाही. ओळखीच्या माणसाशी खरे वागणे ही निम्मी सोय असते. अनोळखी माणसाशी खरे वागावे लागते तेव्हा नीतीची खरी परीक्षा सुरू होते.

माझ्या विद्यार्थ्यावर ती वेळ आलीच. भाव पाडून त्याने ती गाडी घेतली, तीन वर्षे हौस फेडली. पुढे मिस्त्रीने चाके खोलली तेव्हा पुढचा सांगाडा एकदा वाकून सरळ केलेला निघाला. त्याच सुमारास वडिलांची शस्त्रक्रिया ठरली आणि गाडी विकणे भाग पडले. अमरावतीचे एक गृहस्थ आले. त्यांनी गाडी पाहिली, चालवली, खूश झाले आणि दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन येतो म्हणाले. अपघाताविषयी त्यांनी विचारलेच नाही. रात्री माझा विद्यार्थी माझ्याकडे आला. "सर, त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारता सांगू का?"

मी त्याला घोड्याचे ते उदाहरण सांगितले. कायदा तुझ्या बाजूने आहे हेही सांगितले. मग म्हटले, जे डोळ्यांना दिसते ते पाहणे गिऱ्हाइकाचे काम. जे मिस्त्रीला दिसते त्यासाठी मिस्त्री आणणे हेही त्याचेच काम. पण जे फक्त तुलाच ठाऊक आहे, ते तुझ्याशिवाय त्याला कोण सांगणार?

त्याने सांगितले. ते गृहस्थ विचार करून कळवतो म्हणाले आणि परत आले नाहीत. वडिलांची शस्त्रक्रिया कर्ज काढून झाली. गाडी सहा महिने टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली आणि शेवटी दुरुस्ती जाणणाऱ्या एका गॅरेजवाल्याने पडत्या भावात नेली. कथाकाराच्या सवयीने मला इथे एखादा उदार गिऱ्हाईक आणता आला असता. तो आला नाही. माझ्या सल्ल्याचे व्याज त्या मुलाने भरले, मी नाही, याची टोचणी मला आहे. पण ती टोचणी आहे म्हणून सल्ला चुकीचा ठरत नाही. एकदा मी त्याला विचारले, पस्तावलास का? तो म्हणाला, "नाही सर. त्यांचं पोरगं संगं आलं होतं. दुसऱ्या सीटवर तेच बसनार होतं."

मला वाटते, त्या जुन्या कायद्याच्या पोटात जी एक मुलगी बसवलेली आहे तिच्यापाशीच या प्रश्नाचे उत्तर आहे. बापाने मुलीला सांगितले पाहिजे, हे कायद्यालाही मान्य आहे. मुलगी कोणाला म्हणायचे, एवढेच काय ते कायद्याने आपल्यावर सोडले आहे. ज्याचे ते वर्तुळ घराच्या उंबरठ्यापाशी संपते तो कायद्याने निर्दोष राहील, सुखानेही राहील. ज्याचे वर्तुळ महामार्गावरच्या अनोळखी पोरापर्यंत पोचते त्याला तोटा होईल. या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चोपड्यांवर हळदकुंकू वाहताना हा तोटा कुठल्या पानावर मांडायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. मी तो जमेच्या पानावर मांडीन.