विहीर मोजलीत, खडक कुठं मोजलात?

बसा. मोबाइल पालथे ठेवा. आणि मागच्या बाकावरचे हसरे चेहरे आधी पुढे या.

तुमचा अहवाल काल रात्री दोनदा वाचला. बाइंडिंग झकास, आलेख रंगीत, मुखपृष्ठावर अंबरनाथचं शिवमंदिर. आत तीन उपसा चाचण्या: बदलापूरजवळची शेतविहीर, अंबरनाथला रुळालगतचं बोअर आणि उल्हासनगरच्या एका सोसायटीतलं बोअर. तिन्हीकडे तीन तास पंप, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, तिन्हींना एकच सूत्र, आणि उत्तर दशांश चिन्हापुढे चार घरांपर्यंत. एका मापाचा सदरा तीन माणसांना चढवलात आणि वर बटणंही लावून दाखवलीत!

बदलापूरपासून सुरुवात करू, कारण तिथं तुम्ही नुसती चूक नाही केलीत, एका माणसाला सल्लाही दिलात.

विहिरीचा व्यास ६ मीटर, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मीटर. पातळी एक सेंटिमीटर उतरली की २८३ लिटर पाणी गेलं. पंप मिनिटाला २०० लिटर उपसत होता, तीन तासांत ३६ हजार लिटर. पातळी उतरली १ मीटर २० सेंटिमीटर. गुणाकार कुणी केला? कुणीच नाही. मी केला. जवळपास ३४ हजार लिटर येतात. म्हणजे तुम्ही उपसलेल्या ३६ हजारांपैकी ३४ हजार लिटर विहिरीत आधीच साठलेलं होतं. खडकातून आलं जेमतेम २ हजार. तुम्ही हौद रिकामा करत होतात, बाळांनो, आणि त्याला जलधराची, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाची, चाचणी म्हणत होतात.

बरं, ते २ हजार तरी खडकाचे का? पान १४ वरचा फोटो बघा. पाइपचं तोंड विहिरीपासून पंधरा फुटांवर, बांधाच्या आत सोडलंय. खाली मुरूम. ऑक्टोबरात ओला मुरूम पाणी कुठं पाठवतो, हे तिथल्या गुराख्यालाही ठाऊक असतं. तुमचंच पाणी फिरून विहिरीत येत होतं आणि तुम्ही त्याची आवक म्हणून नोंद घेत होतात. उपसलेलं पाणी दूर, उताराच्या खाली, विहिरीच्या आवाक्याबाहेर न्यायचं असतं. ते किती दूर, हे पुस्तक सांगत नाही, पायाखालचा मुरूम सांगतो.

आणि ज्या चाचणीत खरं उत्तर दडलं होतं, ती तुम्ही घेतलीच नाहीत. पंप बंद केलात आणि वडापाव खायला गेलात. पंप थांबल्यावर विहीर भरते तेव्हा आत येणारा प्रत्येक लिटर खडकाचा असतो, त्यात पंपाची लुडबूड नसते. काठावर बसून नुसतं बघायचं होतं: तासाला किती सेंटिमीटर वर आली, आणि प्रत्येक सेंटिमीटरला २८३ लिटर. रात्र काढावी लागली असती. काढायची. बसाल्टातली रुंद विहीर हळू भरते, तिची भरती मोजायची तर माणसाला तिच्या गतीनं बसावं लागतं.

थाइस यांचं सूत्र वापरलंत. वापरा, पण माणूस ओळखून वापरा. १९३५ साली त्यांनी ते मांडलं ते पत्र्यातून उष्णता पसरते त्या गणिताच्या धर्तीवर. त्यांच्या कल्पनेतला थर सगळीकडे सारखा जाड, सारख्या गुणाचा, कडेचा पत्ताच नसलेला. आणि विहीर इतकी बारीक की तिच्या पोटात पाणीच नाही. तुमची विहीर ६ मीटर रुंद! मोठ्या व्यासाच्या विहिरीचं वेगळं गणित पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ साली करून ठेवलंय. ग्रंथालयात आहे. खालच्या मजल्यावर. धूळ मी झटकली, तुम्ही उघडा तरी.

त्या बदलापूरच्या विहिरीच्या मालक काकांनी विचारलं, मोटर किती हॉर्सपॉवरची बसवू? आणि तुम्ही पाचची सांगून आलात. ऑक्टोबरात, अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पिऊन मुरूम तुडुंब असताना! मे महिन्यात पाणी मुरमातून उतरून खालच्या फटींत गेलेलं असतं. पाणी वाहून आणणाऱ्या थराची जाडीच कमी होते, मग तुमचा चार दशांशांचा आकडा घेऊन काका काय करणार, पूजा? त्यांना जाऊन सांगायचं, की काका, आमचं चुकलं. हे पहिलं काम.

आता अंबरनाथ. मंदिराच्या पायऱ्यांवर सेल्फी काढलेत. १०६० सालचं मंदिर, शिलाहारांच्या काळातलं, इथल्याच काळ्या पाषाणाचं. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी दगड पारखून घेतला. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही त्या दगडाला डोळा लावला नाही. लावला असता तर निम्मी चाचणी तिथंच आखून झाली असती. घट्ट, बिनफटीचा पाषाण मूर्तीला छान, पाण्याला नाठाळ. पाणी असतं ते लाव्हाच्या एकेका थराच्या माथ्याशी, बुडबुड्यांच्या पोकळ्यांत, फटींत, कुजलेल्या मांजऱ्या खडकात. आणि दोन थरांच्या मध्ये कित्येकदा लाल मातीचा पट्टा असतो, जो पाणी सहजी वर-खाली जाऊ देत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा सगळा मजल्यामजल्यांचा वाडा आहे. तुम्ही त्याला एक मोठी खोली समजलात.

बोअर ६० मीटर खोल. निरीक्षणाला घेतलीत ३० मीटरवरची जुनी विहीर, खोली ९ मीटर. विहिरीची पातळी एक सेंटिमीटरही हलली नाही आणि तुम्ही ठोकून दिलंत, "बोअरचा विहिरीवर परिणाम होत नाही." अहो, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला तळमजल्यावर कुणी नळ सोडला ते तीन तासांत कसं कळणार? मधल्या लाल पट्ट्यातून पाणी झिरपत असेल तर ते दिसायला दिवस लागतात. बोअर मारताना लाल गाळ कितव्या फुटाला आला, एवढंच तिथल्या रखवालदाराला विचारायचं होतं. मी काल फोन करून विचारलं. त्याला आठवत होतं. "साठ-पासष्ट फुटाला, सर, सगळं अंगण लाल झालं होतं." विहीर ३० फूट, लाल पट्टा ६० फुटांखाली. झालं की निदान! एका फोनचं काम.

शिवाय सहा इंची बोअरमध्ये एका मीटरला जेमतेम १८ लिटर पाणी मावतं. पोटातलं पाणी मिनिटांतच संपतं आणि खरी हकीकत तिथून सुरू होते. म्हणून इथं सुरुवातीला अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला नोंद हवी. तुमची पहिली नोंद पंधराव्या मिनिटाला. पाहुणे जेवून गेल्यावर पानं वाढलीत.

उल्हासनगरबद्दल फार बोलत नाही. आलेखाची रेघ १०० मिनिटांनंतर दुप्पट तिरकी झाली आणि तुम्ही उत्साहानं लिहिलंत, "डाईक सापडला." कोकणपट्टीत डाईक, म्हणजे थरांना छेदून उभ्या राहिलेल्या खडकाच्या भिंती, आहेत, खरंय. पाणी अडवणारी भिंत आली की रेघ दुप्पट तिरकी होते, हेही खरंय. पण शेजारच्या इमारतीत कुणी तेवढ्याच ताकदीची मोटर चालू केली तर रेघ कशी होते? अगदी तशीच! भिंतीचं गणितच मुळी पलीकडे एक खोटी विहीर कल्पून केलेलं असतं. चाचणी दुपारी चारला सुरू, वाकण आलं पावणेसहाच्या सुमारास, म्हणजे नेमकं कॅम्पातल्या टाक्या भरायच्या वेळेला. शेजारच्या मोटरी किती वाजता चालतात, कुणी विचारलं? वालधुनी नदीच्या काठानं चालत जाऊन कापलेल्या खडकात डाईक डोळ्यांनी बघितला? नाही ना? मग तो डाईक अहवालातून काढा. दाट वस्तीत चाचणी घ्यायची तर शेजाऱ्यांच्या मोटरींचं वेळापत्रक हाही भूविज्ञानाचाच भाग धरायचा.

एवढं बोललो, आता एक गोष्ट सांगायची राहिली. अंबरनाथच्या नोंदवहीत पंप सुरू करण्याआधीच्या नोंदींत एक ओळ खोडलेली आहे. सकाळी १०.४२. "मालगाडी गेली. बोअरची पातळी १ सें.मी. वर, मग पुन्हा खाली." समोर लिहिलंय, "चूक." ही नोंद कुणाची? हात वर कर. घाबरू नकोस.

मुली, अख्ख्या अहवालात ही एकच ओळ खडकानं स्वतः सांगितलेली होती. पाणी वरून मोकळं असतं तर गाडीच्या वजनाची त्याला गंधवार्ता नसती. वरून झाकण असलेल्या, दाबाखालच्या थरातच असं होतं: वजन आलं, पाणी चेपलं, पातळी वर, गाडी गेली, पातळी खाली. लाल पट्ट्याचा पुरावा तुझ्या हातात होता, पंपाचं बटण दाबायच्याही आधी. तू तो खोडलास, कारण गटातल्या कुणीतरी सांगितलं की तक्त्यात त्याला रकाना नाही.

अहवाल परत घेऊन जा. गुण टाकलेले नाहीत. शनिवारी सकाळी सातला बदलापूर स्टेशन, पूर्वेच्या बाजूला. हातोडी, भिंग, टेप, २०० लिटरचं पिंप आणि रात्रीचं जेवण बरोबर. पंप दुपारनंतर, आधी चालायचं आहे. १०.४२ ची ओळ मी लाल पेनानं पुन्हा लिहून ठेवली आहे.