वर्तणूक : चांगली

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शाळेच्या कार्यालयात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागच्या पोलादी कपाटात, जनरल रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचे कारण : एका आडव्या ओळीत मावणारे एवढेच बालपण तिथे उतरलेले असते. उत्तरपत्रिका रद्दीत जातात, हजेरीपट जीर्ण होतात, शिक्षक बदलीवर जातात आणि पुढे निवृत्त होतात. ही वही मात्र शाळेने कायम जपायची असते. मला ती नेहमीच एखाद्या गावाच्या मूक आत्मचरित्रासारखी वाटत आली आहे. ज्यांनी ती लिहिली त्यांना आपण काही चिरंतन लिहीत आहोत याची जाणीव नव्हती, आणि ज्यांच्याविषयी ती लिहिली गेली त्यांना बहुधा वाचताच येत नव्हते.

साताऱ्याच्या तत्कालीन सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. नोंद क्रमांक १९१४. ती ओळ लिहिणाऱ्या हाताने त्या दिवशी आणखीही काही नावे लिहिली असतील, टाक दौतीत बुडवला असेल, शाई टिपली असेल. आज तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पुढे कोण काय होणार हे नोंद करणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक ओळ त्याला सारख्याच निष्ठेने लिहावी लागते. नोंदीच्या सगळ्या नीतिशास्त्राचा उगम मला या अज्ञानात दिसतो.

आता ही ओळ कागदावरून उठून अन्यत्र वस्तीला निघाली आहे. २०१५ मध्ये राज्यात विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींची ‘सरल’ प्रणाली आली, ‘यूडायस प्लस’मध्ये शाळेच्या एकूण आकड्यांच्या जोडीला एकेका विद्यार्थ्याची माहिती भरली जाऊ लागली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मागोमाग ‘अपार’ हा बारा अंकी क्रमांक आला. त्याच्या धाग्यात मुलाची गुणपत्रके, प्रमाणपत्रे आणि पुढे महाविद्यालयातले श्रेयांक ओवले जाऊन त्याच्या डिजिलॉकरमध्ये जमा व्हावेत, अशी ही योजना. शाळेने यासाठी सज्ज व्हायचे म्हणजे संगणक, जोडणी आणि लॉगिन हवे, हे खरेच. परंतु ती सज्जतेची सर्वांत सोपी बाजू आहे.

अवघड बाजू त्या पोलादी कपाटात आहे. आपल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जून आहे. घरी जन्मलेल्या, कुठेच नोंद नसलेल्या मुलाला बाप शाळेत घेऊन यायचा, ‘पूर आला त्या साली झाला’ असे काहीतरी सांगायचा, आणि गुरुजी जूनमध्ये वय बरोबर बसेल अशी तारीख लिहून मोकळे व्हायचे. त्या असत्यात केवढी करुणा होती! पंचांगाची अचूकता सांभाळण्यापेक्षा मूल वर्गात बसणे त्यांना महत्त्वाचे वाटले. पण यंत्राला ही करुणा उमगत नाही. आधारवर ‘पूजा’ दीर्घ, रजिस्टरात ‘पुजा’ ऱ्हस्व. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. आणि पडताळणी तिथेच थबकते. मग वर्गशिक्षिका शाळा सुटल्यावर एकेका पालकाला बोलावते, जन्मदाखला मागते, आधारसाठी मुलाच्या बोटांचे ठसे पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यावे लागतात हे समजावते, आणि हे सारे स्वतःच्या घरच्या वेळातून चोरलेल्या वेळात करते. या श्रमांना कोणत्याही वेळापत्रकात तास नाही, आणि तो दिल्याशिवाय शाळा सज्ज झाली असे मी तरी म्हणणार नाही.

घाईने लिहिलेली ओळ किती दूरवर जाते, हे २०२३ नंतर आपण सर्वांनी पाहिले. मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा कोतवालबुकांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरे कपाटांतून निघाली, मोडी वाचणारे शोधले गेले, आणि कुठल्याशा विस्मृत गुरुजींनी लिहिलेल्या एका शब्दावर नातवंडांचे भवितव्य तोलले जाऊ लागले. ज्याला आपण माहिती भरणे म्हणतो ते खरे तर पुढच्या शतकाशी केलेले संभाषण असते. आणि चुकीचे टंकलेले अक्षर आता एका वहीपुरते राहत नाही, क्षणार्धात ते दहा ठिकाणी सत्य म्हणून स्थापित होते.

तरीही मी कागदाचा पक्षपाती नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रक आठवून पाहा : त्यांत बसलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कारखान्याच्या तळावर असते, आणि त्याची शाळा मागे राहिलेली असते. अशा मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड काढले गेले. पण खोपीतल्या ट्रंकेत कागद किती टिकणार? आपण काय शिकलो याचा पुरावा जर या मुलाच्या आधीच पुढच्या गावी पोहोचणार असेल, तर ते तंत्रज्ञानाचे पुण्यच म्हणायला हवे. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी थकलेल्या शुल्कापायी दाखला अडवून धरल्याच्या कहाण्या आपण ऐकतच असतो. मुलाची नोंद मुलाच्याच हाती असणे हा त्या अडवणुकीवरचा मोठा उतारा आहे.

मात्र एक गोष्ट मला अस्वस्थ करते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो : वर्तणूक. खिडक्यांची तावदाने फोडणारा, तास बुडवणारा, गुरुजींच्या अंगावर धावून गेलेला, कोणीही असो. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक त्या रकान्यात ‘चांगली’ असे लिहीत आले. पिढ्यान्पिढ्या, गावोगावी, कोणी शिकवलेले नसताना. मी याला शिथिलता मानत नाही. बाल्यावस्था ही घडण्याची अवस्था आहे, आणि घडत्या वस्तूवर अंतिम निर्णय कोरू नये, एवढे प्रगल्भ भान त्या एका शब्दात साठलेले आहे. मानवी स्मृती क्षमा करू शकते, कारण ती विसरते. यंत्राच्या स्मृतीला विसरण्याचा वर नाही. उद्या मूल्यमापनाच्या नावाने वर्गातली प्रत्येक चलबिचल, प्रत्येक मंद दिवस, प्रत्येक रागाचा क्षण नोंदवता येईल, आणि जे नोंदवता येते ते नोंदवण्याचा मोह कोणत्याही व्यवस्थेला आवरत नाही. तिसरीत असताना एखादे मूल वाचनात मागे होते, ही गोष्ट तिसरीच्या बाईंनी जाणावी. तिची सावली त्याच्या तिसाव्या वर्षावर पडण्याचे काहीच कारण नाही. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून पालकांच्या संमतीची अट घातली, दुरुस्तीचा आणि माहिती पुसण्याचा हक्कही मान्य केला. पण काय नोंदवायचेच नाही, हे कायद्याच्याही आधी शिक्षकाने ठरवायचे असते.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की माहिती चढवण्याआधी प्रत्येक ओळ पालकांना मोठ्याने वाचून दाखवा, वाचता न येणाऱ्यांना तर नक्कीच, आणि जुने रजिस्टर संगणकात उतरल्यावरही टाकून देऊ नका. आणि पालकहो, ‘अपार’चे संमतीपत्र दप्तरातून घरी येईल तेव्हा घाईने सही करू नका. ही संमती ऐच्छिक आहे आणि ती मागेही घेता येते. आधी शाळेत जा आणि आपल्या मुलाची नोंद स्वतः पाहून घ्या.