पात्र कोणाचे?

मराठीत ‘पात्र’ हा एकच शब्द चार गोष्टींसाठी वापरला जातो: ज्यातून पाणी प्यायचे ते भांडे, ज्यातून नदी वाहते तो तिचा खोलगट मार्ग, नाटकातील व्यक्ती आणि दान घेण्यास योग्य ठरलेला माणूस. संस्कृतात हा शब्द ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासून साधतात, त्यामुळे भांड्याचा अर्थ मूळचा आणि बाकीचे तीन त्यातूनच निघालेले मानता येतात. नदीचे पात्र पाणी धरते, नाटकातले पात्र कवीने ओतलेला भाव धरते आणि दानाचे पात्र देणाऱ्याची श्रद्धा धरते. दूरचित्रवाणीच्या निर्मितीत ‘कास्टिंग रिसर्चर’ म्हणून काम करणाऱ्या माणसाच्या व्यवसायाचा विचार या शब्दापासून सुरू करणे उचित आहे, कारण कास्टिंग म्हणजे पात्रांची निवड आणि हा माणूस त्या निवडीआधीचा शोध घेणारा, म्हणजे पात्रशोधक असतो.

त्याचे काम दोन प्रकारचे असते. मालिकांसाठी तो भूमिकेला शोभतील असे चेहरे नाट्यसंस्थांतून, एकांकिका स्पर्धांतून, तालमींतून हुडकतो आणि ऑडिशनपर्यंत आणतो. तर स्पर्धांच्या, गप्पांच्या आणि माहितीपटांच्या कार्यक्रमांसाठी तो खऱ्या आयुष्यातली माणसे शोधतो, त्यांच्याशी फोनवर बोलतो, गावी जाऊन हकीकत ऐकतो, ती पडताळतो, मोबाइलवर लहानशी चित्रफीत करतो आणि अखेर निर्मात्यापुढे नावांची यादी ठेवतो. शेवटचा निर्णय त्याचा नसतो, परंतु निर्णयासाठी कोण पुढे यावे आणि कोण येऊ नये हे बहुतेक तोच ठरवत असल्याने, एका माणसाने दुसऱ्याला ‘पात्र’ ठरवावे हा अधिकार येतो कोठून, हा धर्मविचारातला जुना प्रश्न त्याच्या रोजच्या कामात दडलेला असतो.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी सातारा जिल्ह्यातील उंब्रजइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. सातारा आणि कराड यांच्या मध्ये, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेल्या या गावाजवळ तारळी कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकाच्या मध्यास स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. आणि तारळीच्या काठाने थोडे वर गेले की पाल हे खंडोबाचे गाव लागते, जेथे पौष महिन्यात खंडोबा आणि म्हाळसा यांचा विवाह लाखोंच्या गर्दीत लागतो. म्हणजे नदीचे पात्र, मूर्तीचे पात्र आणि उत्सवाचे पात्र ही तिन्ही येथे काही किलोमीटरच्या आत भेटतात. सातारा आणि वाई परिसरात चित्रपटांचे व मालिकांचे चित्रीकरण सतत चालत असल्याने चौथे, म्हणजे पडद्यावरचे पात्रही या भागाला अनोळखी राहिलेले नाही.

पात्रनिवडीचे शास्त्र भारतीय परंपरेला नवे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात कोणती भूमिका कोणी करावी याचा स्वतंत्र विचार असून तेथे तीन प्रकार सांगितले आहेत: नटाचे वय आणि लिंग भूमिकेशी जुळते ती ‘अनुरूपा’, लहानाने मोठ्याची किंवा मोठ्याने लहानाची भूमिका करावी ती ‘विरूपा’, आणि पुरुषाने स्त्रीचे वा स्त्रीने पुरुषाचे रूप घ्यावे ती ‘रूपानुरूपा’. दादासाहेब फाळके यांना 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीची भूमिका करण्यास एकही स्त्री मिळाली नाही, तेव्हा त्यांनी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना निवडले. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या, म्हणजे एकाच देहात एकाच चित्रपटात भरताचे दोन प्रकार नांदले. चहाची कपबशी पुढे ठेवणाऱ्या हातांत सीतेचे हात पाहणारी ती नजर हीच या व्यवसायाची खरी पूर्वज आहे आणि तिच्यात काहीतरी निर्मळ आहे हे मान्य केले पाहिजे. तेथे माणसाच्या हुद्द्यापलीकडचे काहीतरी ओळखले गेले होते.

देवाची भूमिका कोणाला द्यावी हा प्रश्न मात्र अधिक खोल जातो. 2014 ते 2017 या काळात ‘जय मल्हार’ ही मालिका घराघरांत पाहिली जात असताना देवदत्त नागे यांच्यात अनेकांनी खंडोबाच पाहिला. त्याआधी ‘रामायण’ मालिकेतील अरुण गोविल यांच्या पाया पडणारी माणसे देशभर होती आणि 1936 च्या ‘संत तुकाराम’नंतर विष्णुपंत पागनीस यांच्या मुद्रेतच तुकोबांना पाहणारी एक पिढी महाराष्ट्रात घडली. याला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. नव्यन्यायात, म्हणजे ज्ञानाच्या प्रकारांची काटेकोर चिकित्सा करणाऱ्या उत्तरकालीन तर्कशास्त्रात, ‘आहार्य’ नावाचे एक ज्ञान सांगितले आहे: समोरची वस्तू तशी नाही हे ठाऊक असूनही इच्छेने तिला तसे मानणे. नटाच्या पाया पडणाऱ्या म्हातारीला तो नट आहे हे पुरते माहीत असते. तिचा नमस्कार फसगतीतून आलेला नसतो, तो तिने स्वतःहून दिलेला असतो.

पालच्या विवाहसोहळ्यात हेच आहार्य ज्ञान अधिक शुद्ध रूपात दिसते. देवाचे मुखवटे मानकऱ्याच्या कमरेला बांधलेले असतात, भंडारा आणि खोबरे यांची उधळण होत असते, ‘यळकोट यळकोट जय मल्हार’चा गजर चालू असतो आणि त्या पिवळ्या धुक्यात हजारो डोळे त्या मुखवट्यांवर खिळलेले असतात. मानकऱ्याच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे त्या घटकेला कोणी पाहत नाही आणि कोणी पाहावे अशी त्याची अपेक्षाही नसते. सोहळा उरकला की मुखवटे सोडले जातात आणि तो घरी जातो, भंडारा झटकतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागतो. पूजाविधीत आवाहनाला विसर्जनाची जोड असते ती याचसाठी. ज्या पात्रात देवत्व बोलावले, ते त्यातून परत पाठवण्याची वाटही विधीनेच आखून ठेवलेली असते. दूरचित्रवाणीकडे आवाहनाची अत्यंत प्रगत साधने आहेत, पण विसर्जनाचा विधी तिने अद्याप घडवलेला नाही, आणि हे उणेपण देवाची भूमिका करणाऱ्या नटापेक्षाही खऱ्या आयुष्यातून उचलून आणलेल्या माणसाला जास्त भोवते.

कारण तेथे प्रक्रिया उलटी होते. नट माणूस असून त्याच्यावर देवाचा आरोप केला जातो आणि तो सर्वांना माहीत असतो. पण वास्तव माणसाच्या कार्यक्रमात शोधकाच्या हातातील टिपण, म्हणजे निर्मात्याने दिलेले ‘ब्रीफ’, आधी येते आणि माणूस नंतर. ‘गरिबीतून वर आलेली गायिका’, ‘कर्जात बुडूनही न हरलेला शेतकरी’, ‘परंपरेत अडकलेली मुरळी’ असे साचे ठरलेले असतात आणि समोर बसलेल्या जिवंत व्यक्तीवर ते चढवले जातात. शंकराचार्यांनी ‘अध्यास’ म्हणून ज्याचे विवेचन केले, म्हणजे एका वस्तूचे धर्म अजाणता दुसरीवर लादणे, ते हेच होय. आहार्य आरोपात जाणीव असते, अध्यासात ती हरवते. शोधक स्वतःही बहुधा प्रामाणिकपणेच मानतो की समोरची बाई म्हणजे तिची व्यथाच आहे. तिने तासभर सांगितलेल्या गोष्टींपैकी शेळ्यांचे, सुनेच्या नोकरीचे आणि यंदाच्या उसाचे बोलणे वहीत उतरतच नाही.

या कामातील एक क्षण विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. सांगणारीचा आवाज भरून येतो, ती थांबते, पदराने डोळे टिपते, आणि तेवढ्यात लक्षात येते की मोबाइलवर ध्वनी नीट आलेला नाही, बाहेरून ट्रॅक्टर गेला, मग अतिशय मायेने म्हटले जाते, “मावशी, तेवढं परत एकदा सांगता का?” आणि ती सांगते. पहिल्या वेळी जे दुःख होते ते दुसऱ्या वेळी पात्राचे दुःख झालेले असते, आणि हा बदल कोणत्याही संमतीपत्रावर लिहिलेला नसतो. तिने नकार दिला असता तर चालले असते, असे म्हणणे पुरेसे नाही. पाहुणा म्हणून घरात घेतलेल्या, चहा पाजलेल्या माणसाला नाही म्हणणे सातारी घरात किती अवघड असते हे येथील प्रत्येकजण जाणतो.

मुरळीचे उदाहरण येथे सहज आलेले नाही. नवसाच्या पूर्तीसाठी मुलगी खंडोबाला वाहण्याची प्रथा ही निवड होण्याचीच एक रीत होती, ज्यात निवडणारे आईवडील असत, निमित्त देवाचे असे आणि जिची निवड होई तिला कोणी विचारत नसे. परंपरेतील पात्रनिवड निर्दोष होती आणि बाजाराने ती बिघडवली, असे चित्र रंगवणाऱ्यांनी हे विसरू नये. या प्रथेविरुद्ध विठ्ठल रामजी शिंदे यांनी चळवळ केली, शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 पासून ‘सोमवंशीय मित्र’ मासिकातून लिहिले आणि 1909 साली त्याच मासिकात शिवूबाई नावाच्या एका मुरळीचे स्वतःचे पत्र छापून आले. ते पत्र कोणी तिच्याकडून काढून घेतले नव्हते. सांगण्याची वेळ, शब्द आणि हेतू तिचे होते. व्यथा तीच असली तरी ‘परत एकदा सांगा’ या विनंतीने मिळालेल्या हकीकतीची आणि त्या पत्राची जात निराळी आहे.

माणसे पारखण्याचा विचार रामदासांनीही पुष्कळ केला. दासबोधात मूर्खाची, पढतमूर्खाची, गुरूची, शिष्याची, करंट्याची, सदेवाची लक्षणे सविस्तर येतात आणि वरवर पाहता ती एखाद्या शोधकाच्या यादीसारखी वाटतात. फरक एवढाच, पण तो मोठा, की ही लक्षणे वाचणाऱ्याने प्रथम स्वतःला लावून पाहायची असतात; मूर्खलक्षणे वाचून शेजाऱ्याचे नाव आठवणारा वाचक तेथेच त्या समासात जाऊन बसतो. शोधकाच्या टिपणात अशी उलट फिरणारी नजर नसते.

ती आणायची तर दानाच्या विचाराकडे यावे लागते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी योग्य देश, योग्य काळ आणि योग्य पात्र अशा तीन अटी आहेत. याज्ञवल्क्यस्मृती त्यापुढे जाऊन म्हणते की नुसत्या विद्येने पात्रता येत नाही, नुसत्या तपानेही येत नाही, या दोन्हींसोबत ज्याच्याकडे ‘वृत्त’ म्हणजे शुद्ध वर्तन असते तोच पात्र. आता या व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे नीट पाहिले पाहिजे. दूरचित्रवाणी संधी देते, ओळख देते, प्रवासखर्च देते, म्हणून ती दाता आणि गावातला माणूस याचक, अशी समजूत रूढ आहे. परंतु आयुष्याची हकीकत देतो तो गावातला माणूस. ती घेतो शोधक, आणि त्याच्यामागे बसलेला प्रेक्षक. दानाच्या परिभाषेत पात्रता नेहमी घेणाऱ्याची तपासली जाते. तेव्हा उंब्रजच्या एखाद्या घरात वही उघडून बसलेला शोधक समोरची व्यक्ती कार्यक्रमाला पात्र आहे की नाही हे ठरवत असतो, त्या घडीला खरे तर तिच्या दानाला तो स्वतः पात्र आहे की नाही याची परीक्षा चालू असते. माहिती पडताळण्याची हुशारी ही त्याची विद्या, उन्हातान्हात गावोगाव फिरणे हे त्याचे तप. याज्ञवल्क्याची तिसरी अट तेवढी उरते.

ती अट सर्वांत स्पष्टपणे तपासली जाते निवड न झालेल्यांच्या बाबतीत. एका नावासाठी शोधक पाच-दहा घरी बसतो आणि प्रत्येक घरी कोणीतरी आपले मन रिकामे करतो. त्यांतील एकजण पडद्यावर जातो, बाकीच्यांची हकीकत घेतली गेलेली असते, वहीत राहिलेली असते आणि “कळवतो” हा शब्द मागे ठेवून गाडी महामार्गाला लागलेली असते. पौषात पालहून परतणाऱ्या गर्दीत अशी एखादी बाई असते, जी मालिकेचे नाव निघाले की अजून फोनकडे पाहते. तिला तो नकाराचा फोन करणे यादी पूर्ण करण्याच्या कामात कोठेच मोजले जात नाही. काही शोधक तरीही तो करतात, संध्याकाळी, स्वतःच्या खर्चाने, आणि तिच्या उसाला यंदा काय भाव मिळाला हे आधी विचारतात.