चिंध्यांची वेणी

विठोबा,

दुपारची भांडी आवरून बसले आहे. पुढ्यात सासूबाईंचं बोचकं. गुडघा मांडी घालू देत नाही म्हणून पाटावर टेकले. तू युगानुयुगं उभा. तुला मी माझ्या गुडघ्याचं काय सांगणार!

अकरा वर्षं हे बोचकं माळ्यावर होतं. त्या गेल्या तेव्हा मीच वर ढकललं होतं. आज गाठ सोडली, तर आत धाकट्याचं झबलं, यजमानांच्या रेघारेघांच्या पायजम्याचा एक पाय, परकराचा घेर, गल्लीतल्या शिंप्याकडून मागून आणलेली कात्रणं. सगळं धुऊन, घडी घालून, रंगारंगाने लावलेलं. मी याला कचरा म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. हेही तुझ्या वहीत लिहून घे.

चिंधीची किंमत तुला मी सांगायला नको. तुझं बोट कापलं तेव्हा घरात फाडण्याजोगं जुनेर कुणाला सापडत नव्हतं, आणि द्रौपदीने अंगावरचं भरजरी फाडलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. गाडगेबाबा तर चिंध्याच पांघरून हिंडले. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणायचे. पंढरपुरात येऊन ते वाळवंट झाडायचे. मी आपली पायपुसणं करते आहे. त्याला आशीर्वाद मागायचा तर थोडं संकोचल्यासारखं होतं, पण मागते.

सुती कापडाची एक गोष्ट फार चांगली, ते धाग्याच्या रेषेत आपण होऊन फाटतं. कडेला कात्रीने चीर द्यायची, दोन्ही हातांनी ओढायचं, चर्र करत पट्टी सुटते. दोन इंच रुंद, फार तर अडीच. नायलॉन बाजूला काढलं. ते पाणी पीत नाही, वर पाय घसरतो. पट्ट्या जोडायला दोरा लागत नाही. दोन्ही टोकांना काजासारखी चीर पाडायची, नवी पट्टी जुनीच्या चिरेतून घालायची आणि तिचं शेपूट तिच्याच चिरेतून ओढून घ्यायचं. मग तीन पेडांची वेणी. सासूबाई माझ्या मुलीची घालायच्या तशी, डोळे ताणले जातील इतकी घट्ट.

वेणी घट्ट चालते, शिवण चालत नाही. हे मला पहिलं पायपुसणं फसल्यावर कळलं. दाभणाने एकेक वेढा ओढून ओढून टाचत गेले आणि ते द्रोणासारखं वर वळलं. यजमान म्हणाले, "यात भात वाढायचा का?" उसवलं. दुसऱ्या खेपेला सैल सोडलं, तर कडेला झालर. पहिला वेढा मुठीएवढा असतो; दोन हात रुंदी झाली की शेवटचा वेढा नऊ फुटांहून लांब भरतो. तेव्हा प्रत्येक फेरीला वेणी थोडी पुढे सरकवून द्यावी लागते, तीही टेबलावर सपाट ठेवून. देवा, माझ्या हाताला तेवढं सैलपण दे. जास्त नको, झालर होते.

ज्यांच्या हातून हे कापड आलं त्यांनाही सांभाळ. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या बोटांना बोंडं टोचू नयेत, इचलकरंजीच्या मागावर रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोप लागावी. आणि आमच्या शिंप्याला चष्म्याचा नंबर काढून यायची बुद्धी दे. बाही दर वेळी आखूड होते.

आता जे सांगायला बसले ते. सासूबाईंचं लग्नातलं इरकली लुगडं होतं. काळं अंग, तांबडा पदर, त्यावर पांढरी शिखरं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी ते बोहारणीला दिलं. विरलं होतं, कुणी नेसत नव्हतं, आणि मला स्टीलचा मोठा डबा हवा होता. त्यांना विचारलं नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे कित्येक वर्षं त्या एवढंच विचारायच्या, "हरभऱ्याची डाळ त्याच डब्यात आहे ना गं?" मी "हो" म्हणायचे. त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं.

आज बोचक्याच्या तळाशी तो पदर निघाला. नुसता पदर. बोहारीण गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत गाठून मागून घेतला असणार. काय देऊन, ते तूच पाहिलं असशील. इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. विणकर एकेक फास घालून दोन्ही जोडतात, त्यालाच टोप-तेणी म्हणतात. पदर बरोबर त्या जोडापाशी कापला होता. मी सकाळपासून पट्ट्यांना जे फास घालत होते, ते हातात घेऊन बघत बसले.

आईचं जुनेर गोधडीत घातलं तर लेकरं पांघरतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पायपुसण्यावर पाय पडतात. चुकून पुस्तकाला पाय लागला तरी आपण हात कपाळी लावतो, मग हे कसं? यावर मनात तुझ्या दाराशी जाऊन आले. नामदेव तर शिंप्याच्या घरातलाच. त्याने जागा मागितली ती पायरीची, संतांचे पाय लागावेत म्हणून. 1350 साली तो गेला, आणि आजवर आम्ही त्या पायरीवर पाय देत नाही, हात लावून ओलांडून आत येतो. मागणाऱ्याने पाय मागितले, लोकांनी माथा टेकला. पण ते नामदेवाने स्वतः मागितलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे काही मागितलेलं नाही.

म्हणून झबलं, पायजमा, परकर, माझी जुनी निळी साडी, सगळं वेणीत घेते आहे. पदर नाही. याला भीती म्हण किंवा मान म्हण, तुला जे दिसतं ते. क्षमा त्यांच्याकडे मागायला हवी होती, ती वेळ मी घालवली. तिकडे भेटल्या तर माझं नाव काढ.

डाळ बरणीत ओतली आहे. डबा घासून उन्हात पालथा घातलाय. सुकला की पदर त्यात ठेवते. तोवर, पांडुरंगा, दाभणात दोरा ओवायचा आहे, तेवढं नेढं दिसू दे.