हरल्यावर काढलेलं चित्र

आजचं चिंतन एका चित्रकाराबद्दल. एडवर्ड विल्सन हे स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतले डॉक्टर आणि मनापासून श्रद्धावान ख्रिस्ती. उघड्यावर जलरंग गोठायचे, म्हणून ते बर्फात पेन्सिलीनं रेखाटन करायचे, कुठे कोणता रंग होता ते शब्दांत टिपायचे आणि रंगवायचे लाकडी घरात परतल्यावर. आधीच्या मोहिमेत चित्रांपायी त्यांना हिमांधत्व आलं होतं. (‘पॅशन’ म्हणून टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबा, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखतं ते!)

पण मी अडकते १८ जानेवारी १९१२पाशी. ध्रुवावर अमुंडसेनचा तंबू महिनाभर आधीच उभा. शर्यत हरलेली, थंडी उणे ३० अंशांच्या आसपास. आणि विल्सन वही काढून जिंकलेल्याचाच तंबू रेखाटतात! कशासाठी? समोर जे आहे ते देवानं दाखवलंय, मग ते आपल्याला बोचलं तरी खरंच काढायचं, अशीच त्यांची श्रद्धा असावी असं मला वाटतं. मित्राच्या प्रमोशनची पोस्ट दिसली की आपला अंगठा किती पटकन पुढे सरकतो, बघा.

परतीच्या वाटेवर, मार्चमध्ये विल्सन गेले. नोव्हेंबरमध्ये शोधपथक त्यांच्या तंबूपाशी पोचलं, तेव्हा ती रेखाटनं तिथेच होती.