दुसऱ्याच्या आभाळाखाली

कादंबरीत निसर्गवर्णन आलं की पान उलटायचं, ही माझी जुनी खोड. सूर्यास्त लेखकानं पाहिलाय ना? मग मी कशाला पुन्हा पाहू? पण उतारवयात रशियन शिकायची हुक्की आली आणि या पापाचा हिशेब द्यायची वेळ आली.

सरावाला 'वुदरिंग हाइट्स' घेतली. एमिली ब्राँटेचं मूळ पुस्तक १८४७ चं, नादेझ्दा वोल्पिन यांचं रशियन भाषांतर १९५६ चं. त्याचं नाव 'ग्रोझोवोय पेरेवाल', म्हणजे 'वादळी घाट'! घाट म्हटल्यावर मला कर्जतचे बटाटेवडेच दिसू लागले. वास्तविक ते यॉर्कशरच्या माळावर वारा खात उभं असलेलं घर. 'वुदरिंग' हा तिकडच्या वादळी वाऱ्याचा गावठी शब्द. तो रशियात कुठून पैदा करायचा? हेदरच्या झुडपांनी भरलेल्या त्या उघड्या माळाला रशियनमध्ये 'पुस्तश' म्हणतात. त्या शब्दाच्या पोटात 'रिकामं' आहे. कॅथरीनला स्वप्नातला स्वर्गसुद्धा ज्या माळापुढं परका वाटतो, तो भाषांतरात रिकामा!

एकोणिसाव्या शतकात इरिनार्ख व्वेदेन्स्की यांनी यावर सोपा तोडगा काढला होता. लेखकाला उचलून आपल्या आभाळाखाली आणायचं आणि तो रशियन असता तर कसं लिहिता, तसं लिहायचं. या हिशेबानं त्यांनी डिकन्समध्ये पदरची वाक्यंही घातली. पुढं कॉर्नेई चुकोव्स्की यांनी त्यांना चांगलंच झाडलं. मात्र त्या भाषांतरात जान आहे, हेही कबूल केलं.

आता खरं-खोटं कसं करायचं? मूळ भाषा येत नाही म्हणून तर वाचक भाषांतर घेतो. ज्याला तपासता येत नाही त्याच्याशी इमान राखणं, ही दूधवाल्याची आणि भाषांतरकाराची सारखीच परीक्षा. वारा पोचावा म्हणून शब्द बदलला, तर ती तडजोड. आपलं वाक्य दुसऱ्याच्या नावावर खपवलं, तर ती लबाडी. माळाचा घाट झाला तर मी एक वेळ चालवून घेईन, कारण त्या बाईंनी आधी सगळा माळ तुडवला असणार. भाषांतरकाराला पान उलटायची सोय नसते.

हा सिद्धान्त मी मोठ्या ऐटीत बायकोला ऐकवला. ती भाजी निवडत म्हणाली, "अहो, मग 'वाचलं' म्हणून सांगता ती अर्धी पुस्तकं कुठल्या खात्यात घालायची? तडजोडीच्या की लबाडीच्या?"

सध्या मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचतोय. वर्णनांसकट.