ठोक्यांमधलं अंतर

आयसीयूच्या बाहेर बसलेल्यांना आत काय चाललंय ते कळत नाही, म्हणून ती माणसं एखादा आकडा धरून बसतात. तीन वर्षांपूर्वी आबांना मेहकरजवळच्या आमच्या गावाहून संभाजीनगरला हलवलं, तेव्हा आमचा आकडा होता ९६. भेटीच्या वेळेत काका आत जाऊन यायचे आणि सांगायचे, "ठोके एकदम बराबर हायेत. शहाण्णववरून हालत नाही." मला बरं वाटायचं. मी सर्व्हर सांभाळणारा माणूस, आलेख सपाट असला की निवांत झोपतो.

आबा गेल्यावर याबद्दल वाचत बसलो, तेव्हा कळलं की हृदयाचं गणित उलटं आहे. मिनिटाला ६० ठोके म्हणजे दर सेकंदाला एक असं निरोगी हृदयात नसतं. एक अंतर ९४० मिलिसेकंदांचं, तर पुढचं १०३०. श्वास आत घेताना वेग किंचित वाढतो, सोडताना उतरतो. मेंदूतून निघणारी व्हेगस नस हृदयाचा लगाम सारखा ओढत, सैल सोडत असते. सेप्सिससारख्या मोठ्या संकटात हे ओढणं-सोडणं मंदावतं आणि ठोके एकसारखे पडू लागतात. होन आणि ली या डॉक्टरांनी १९६३ साली गर्भातल्या बाळांबद्दल लिहिलं होतं, की बाळ अडचणीत येतं तेव्हा ठोक्यांचा वेग बदलण्याआधीच त्यांच्यातला हा चढउतार कमी होतो. १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यात हा चढउतार ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी होता, त्यांचा मृत्यूचा धोका १०० च्या वर असणाऱ्यांच्या ५.३ पट निघाला.

म्हणजे काका ज्याला चांगली खबर समजत होते तीच वाईट होती का? तेही म्हणता येत नाही. मॉनिटरवर दिसतो तो काही सेकंदांच्या सरासरीचा आकडा, मिलिसेकंदांचा खेळ त्यात दिसतच नाही. आबांच्या बाबतीत तो कुणी मोजला नव्हता.

मोजला असता तर? हा प्रश्न मला बरेच दिवस सोडत नव्हता. सहाव्या दिवशी दोन एकराच्या सौद्याची बोलणी सुरू झाली होती. डॉक्टर म्हणत होते, अजून चोवीस तास बघू. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुह्या कंप्युटरात काही दिसते का रे, वाचतीन का नाही?" आम्हाला कुणीतरी एक आकडा सांगायला हवा होता.

असा आकडा अमेरिकेत खरोखर वापरून पाहिला गेलाय. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ३००३ नवजात बाळांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. ठोक्यांमधला कमी झालेला चढउतार आणि मध्येच मंदावणारे ठोके यांवरून यंत्र प्रत्येक बाळाचा धोका मोजत होतं. निम्म्या बाळांचा आकडा डॉक्टरांना दिसत होता. उरलेल्यांचा यंत्र मोजत होतं, पण पडद्यावर येत नव्हता. तो पाहून काय करायचं याचा नियमही घालून दिलेला नव्हता. आकडा दिसत होता त्या गटात ८.१ टक्के बाळं गेली, झाकलेल्या गटात १०.२ टक्के. झाकलेल्या आकड्यांचा विचार आला की माझ्या पोटात अजून कालवतं. पण झाकल्याशिवाय त्याचा उपयोग होतो की नाही हे कळलं नसतं, आणि हा युक्तिवाद मला पटतो. आवडत नाही, पटतो.

मात्र त्या बाळांचा आकडा वाढला की कुणीतरी धावत येत होतं, रक्त तपासत होतं, अँटिबायोटिक सुरू करत होतं. मला आबांचा आकडा हवा होता तो थांबण्यासाठी. जमीन वाचवायची की आबा, हा निर्णय यंत्राने घ्यावा आणि पुढे कुणी विचारलं तर आम्ही पडद्याकडे बोट दाखवावं, एवढंच. धोका ५.३ पट असलेल्यांतलेही कितीतरी जण जगले होते. व्हेंटिलेटर, गुंगीची औषधं, बीपी वाढवणारी औषधं, सगळ्यांनीच हा चढउतार बदलतो. ठोके पार बेशिस्त झाले तर अंतरं भरपूर बदलतात, पण ते काही तब्येतीचं लक्षण नव्हे. आणि बदललेलं हृदय! प्रत्यारोपणात नसा तुटतात, त्यामुळे ते जवळजवळ घड्याळासारखंच चालतं, आणि त्याचा मालक बाजारात जाऊन भाजी आणतो. गटाबद्दलचं खरं एका खाटेवर जसंच्या तसं उतरत नाही, हे मी ऑफिसात दर आठवड्याला कुणाला ना कुणाला समजावतो. त्या बाकड्यावर मात्र मला ते आठवायचं नव्हतं.

सौदा झाला. त्यासाठी मी काकांना किंवा डॉक्टरांना दोष देत नाही. चोवीस तास थांबू म्हणणारा डॉक्टर कदाचित खरं तेवढंच सांगत होता.

नवव्या दिवशी आम्ही कागदावर सही केली आणि ऑक्सिजन लावून आबांना घरी न्यायला निघालो. जालना मागे पडलं. गाडीत मॉनिटर नव्हता. काका त्यांचं मनगट धरून बसले होते. सिंदखेडराजाच्या आसपास मी विचारलं, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग बोटं जरा सरकवली आणि म्हणाले, "हाय अजून."